राबाची राख आणि मृगाचा पाऊस

उत्तर कोकणात वर्षाला सरासरी दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भाताच्या एका पिकाला, जमिनीत झिरपून जाणारे पाणी हिशेबात धरले तरी, बाराशे ते पंधराशे मिलिमीटर पाणी साधारणतः पुरते. म्हणजे गरजेच्या दीडपट-दुप्पट पाणी आभाळातून विनामोल मिळते. तरीही या पट्टीतला भातशेतकरी पिढ्यान्पिढ्या दोन गाऱ्हाणी सांगत आला आहे. एक, पाऊस वेळेला नसतो. दुसरे, जमिनीत कस राहत नाही. वरवर पाहता ही गाऱ्हाणी एकमेकांपासून अगदी निराळी वाटतात. एक आभाळाविषयीचे, दुसरे मातीविषयीचे. सरकारी कागदपत्रांतही पाण्याचा रकाना वेगळा आणि खताचा वेगळा असतो. परंतु पावसावर पिकणाऱ्या भाताचा इतिहास बारकाईने पाहिला तर ही दोन्ही गाऱ्हाणी मुळात एकच आहेत असे दिसून येते. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याने या एकाच गाऱ्हाण्यावर फार पूर्वी एक उपाय शोधला होता. त्या उपायाचे नाव राब. त्यावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद माजला आणि विसाव्या शतकात त्याचे रसायनशास्त्रही उलगडले गेले. तो सारा वृत्तान्त मराठी वाचकांपुढे सलगपणे क्वचितच आला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पावसाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मृग नक्षत्राच्या सरींनी जमीन भिजते. खाचरे तुडुंब भरतात ती जुलैत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस काढता पाय घेतो. हस्ताचा पाऊस आला तर आला, नाही तर दाणा भरण्याच्या ऐन वेळी शेताला भेगा पडतात. या वेळापत्रकाशी जुळवून घेण्यासाठी आपल्या पूर्वजांनी भाताच्या जातींचीच वाटणी केली होती. उताराच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरांत हळवे भात. मधल्या जमिनीत निमगरवे. आणि सखल, पाणथळ जमिनीत, जेथे पाऊस गेल्यावरही ओल टिकून राहते तेथे गरवे. पाण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्याने पाण्याचा अंदाज बांधून केलेले हे नियोजन होते. हळवे भात लवकर कापणीला येते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन गावांत आगेरा साजरा होतो आणि नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणल्या जातात. पंचांग कोणतेही असो, हा सण शेवटी पावसाच्या वेळापत्रकाला धरूनच बसलेला आहे.

या नियोजनात सर्वांत नाजूक काळ पहिल्या तीन-चार आठवड्यांचा. भाताचे बी थेट खाचरात न पेरता छोट्या तुकड्यात रोप वाढवायचे आणि जुलैच्या पावसाने चिखलणी झाली की ते उपटून लावायचे, ही आपली रीत. एका हेक्टरच्या लावणीला दहा गुंठे रोपवाटिका लागते, म्हणजे सुमारे दहावा हिस्सा. खाचरे भरतील त्या दिवशी रोप हातभर उंच, जाड बुडख्याचे आणि लावणीला तयार असले पाहिजे. ते पिवळे, खुरटे राहिले तर थांबावे लागते. थांबलेल्या दहा-बारा दिवसांची किंमत सप्टेंबरअखेर चुकवावी लागते. हळव्या जातीची फुलण्याची वेळ तेवढी पुढे सरकते आणि पाऊस संपल्यावर तिचा दाणा भरू लागतो. जुन्या गरव्या जातींची गोष्ट थोडी निराळी. त्या दिवसमानाप्रमाणे फुलतात, लावणी कधीही झाली तरी फुलोरा ठरल्या सुमारासच येतो. म्हणून उशिरा लावलेल्या रोपाला फुटवे धरायला अवधीच उरत नाही. दोन्ही रीतीने नुकसान ठरलेलेच. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रोपाला पोटभर अन्न मिळणे, ही अशा रीतीने ऑक्टोबरातल्या पाण्याची तरतूद ठरते. खत देऊन शेतकरी दिवस विकत घेत असतो. राबाचे मर्म येथे आहे.

राब करण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. पण आजच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिलेली नसेल. भात कापून झाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी रोपाची जागा ठरवून साफ करतात. तिच्यावर शेणाचा किंवा गोवऱ्यांच्या चुऱ्याचा थर पसरतात. त्यावर झाडांचे टहाळ, म्हणजे ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या लहान फांद्या, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत किंवा पेंढा, आणि सर्वांत वर बारीक, भुसभुशीत मातीचा पातळ थर. या वरच्या मातीमुळे आगीचा भडका उडत नाही. वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावतात म्हणजे ती हळूहळू, धुमसत पुढे सरकते आणि तिची धग खालच्या जमिनीत उतरते. जळून गेल्यावर राख वाऱ्याने उडू नये म्हणून जागेची राखण करतात. मग पावसाच्या आधी धूळवाफ्यावर, नाही तर पहिल्या सरीनंतर लगेच, त्या राखेत बी पेरतात. कुठे याला राब भाजणे म्हणतात, कुठे दाढ भाजणे. दक्षिण कोकणात रोपाला तरवा म्हणतात आणि त्यासाठी तोडलेल्या फांद्यांना कवळ. शब्द बदलले तरी कृती तीच.

हे सारे सामान येते कोठून? भाताच्या खाचरांच्या वर जी चढाची, खडकाळ, एरवी नाचणी-वरीला सोडलेली जमीन असते तिला वरकस म्हणतात. वरकसाचे गवत आणि तेथील झाडांचे टहाळ यांवर खालच्या भाताचा राब चाले. झाड मुळातून तोडायचे नाही, त्याच्या फांद्या छाटायच्या आणि ती पुन्हा फुटू द्यायची. ठाण्याच्या डोंगरउतारांवर एके काळी सर्वत्र दिसणारे ते छाटलेले, ठेंगू ऐन या व्यवहाराची साक्ष होते. थोडक्यात, एकरभर भात पिकवायचा तर एकरभर जमीन पुरत नसे. तिच्या डोक्यावर आणखी जमीन लागे, जी स्वतः फारसे पिकवीत नसे पण खालच्या शेताला खाऊ घालीत असे. काही खाद्य शेतकरी डोक्यावरून आणी आणि काही पाऊसच आणून टाकी, कारण वरकसावरून धुपून येणारा गाळ खालच्या खाचरांत बसे. वरची जमीन पावसाने नागवली जाई आणि खालची त्यावर पोसली जाई. दोन्ही एकाच घरची असतील तोवर हा तोटा घरातच राही.

जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्यावरील तेरावा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात राबाचे वर्णन आहे. त्या वर्षांत ते केवळ माहितीपर वर्णन राहिले नव्हते, कारण चारच वर्षांपूर्वी, १८७८ साली, हिंदुस्थानचा नवा वनकायदा अमलात आला होता आणि ठाणे जिल्ह्यात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जात होत्या. मुंबई शहराला जळण हवे होते. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली आणि पुढल्या दशकात वसईवरून गुजरातकडे गेलेली आगगाडी लाकडाची मोठी गिऱ्हाईक होती. ज्या झाडाकडे वनखाते इमारती लाकूड म्हणून पाहत होते त्याच झाडाकडे शेतकरी येत्या जूनच्या रोपाचे खत म्हणून पाहत होता. खात्याच्या दृष्टीने राब ही उधळपट्टी होती: चांगले लाकूड जाळून राख करायची आणि तीही मूठभर रोपांसाठी! शेण नुसते मातीत घातले तर चालणार नाही काय, असा प्रश्न साहेबलोक विचारीत. प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. परंतु विचारणाऱ्यांपैकी थोड्यांनीच मृगाच्या पावसात रोप उभे केलेले असावे.

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ चा. वनखात्याने गावची कुरणे व रानपाला शेतकऱ्याच्या हातून काढून घेतल्याबद्दल त्यांनी त्यात घेतलेला समाचार प्रसिद्धच आहे. त्यांचा रोख मुख्यतः घाटावरच्या जनावरांच्या चाऱ्याकडे होता. कोकणात तेच दुखणे रोपवाटिकेत उमटले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून सरकारकडे अर्ज जाऊ लागले, सभा भरू लागल्या. असंतोष इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला. त्या अहवालाच्या जाडजूड खंडांत राबाचा प्रश्न वारंवार येतो. टहाळ कोणी तोडावेत, कोठून तोडावेत, कोणती झाडे वर्ज्य, वरकसावरील झाडांचा मालक कोण? एखाद्या कृषिपद्धतीची सरकारदरबारी एवढ्या विस्ताराने चौकशी होण्याचे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत. काही सवलती मिळाल्या, काही नाकारल्या गेल्या. मूळ दुरावा मात्र मिटला नाही. वरची जमीन आणि खालची जमीन आता दोन खात्यांची झाली होती.

या वादाचा एक अनपेक्षित लाभ झाला. राब खरोखरच उपयोगी आहे की ती नुसती परंपरा आहे, हे तपासून पाहणे सरकारला भाग पडले. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक ई. सी. ओझॅन यांच्या देखरेखीखाली राबाचे वाफे आणि बिनराबाचे वाफे शेजारी शेजारी घेऊन प्रयोग झाले आणि राबाचे रोप उजवे ठरले. पुढे १८८९ च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हिंदुस्थानात आले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे ते सल्लागार रसायनज्ञ. वर्षभराहून अधिक काळ ते देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. येथला शेतकरी अडाणी आहे म्हणून शेती मागे आहे, हे त्या काळचे सोपे निदान त्यांनी मान्य केले नाही. शेतकऱ्याला ज्ञानापेक्षा साधनांची वाण आहे आणि पाणी व खत या दोन शब्दांत त्याच्या मुख्य गरजा सामावतात, अशा आशयाचे मत त्यांनी नोंदविले. राबाचीही त्यांनी गंभीरपणे दखल घेतली. सरपणासाठी झाडे राखली तर शेण चुलीत जाणार नाही आणि शेताला मिळेल, हा त्यांचा आग्रह होता. वनखात्याचे काम शेतीला पूरक असावे, असे सांगणारा हा पाहुणा रसायनज्ञ होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तरीही राब नेमका कशामुळे गुणकारी ठरतो, हा प्रश्न उरलाच होता. राखेमुळे म्हणावे, तर राख बाहेरून आणून टाकली तर तेवढाच गुण का येत नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्यात झाला. डॉ. हॅरॉल्ड मान हे नाव मराठी वाचकांना पिंपळे सौदागर या गावाच्या त्यांच्या पाहणीमुळे ठाऊक असेल. ती १९१७ साली ग्रंथरूपाने आली. १९०७ पासून ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि मूळचे रसायनज्ञ होते. त्यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीचा अभ्यास करून १९१२ साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. आग आणि राख यांचा परिणाम वेगवेगळा करून पाहणे, हे त्यातील मुख्य कौशल्य. त्यातून असे दिसले की राखेतील पालाश, चुना आणि स्फुरद यांचा वाटा आहेच, पण तेवढ्याने सारा उलगडा होत नाही. मोठा वाटा जमीन तापण्याचा आहे. धगीने मातीतील सेंद्रिय द्रव्ये विरघळण्याजोगी होतात, मातीचा पोत बदलतो, ती पहिल्या सरींनी चिकट न होता मोकळी राहते. तणांचे बी आणि काही किडी जळून जातात. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी नुकतेच, १९०९ च्या सुमारास, असे दाखविले होते की तापवलेल्या मातीत काही सूक्ष्म जीव मरतात आणि उरलेले जोमाने वाढून अमोनियाच्या रूपातील नत्र मोकळा करतात. रोथॅमस्टेडच्या प्रयोगशाळेने जे नव्याने शोधले त्याचा व्यवहार कोकणातला कुणबी आणि आगरी किती काळापासून करीत आला होता हे सांगणे कठीण. पण वाऱ्याविरुद्ध आग लावण्याची आणि वर माती पसरण्याची त्याची रीत पाहिली तर धग खाली उतरली पाहिजे हे त्याला पक्के माहीत होते. हे त्याने सूत्ररूपाने मांडले नव्हते, एवढेच.

या सहकाऱ्यांपैकी कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनात अग्रणी ठरले आणि १९४४ साली त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अतिवृष्टीच्या कोकणातली राख तपासणारा माणूस सोलापूरच्या अवर्षणाकडे वळला, यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटर असो वा पाचशे, तो आपल्या हाती नसतो. त्याच्या येण्या-जाण्याच्या मधल्या फटीत पीक बसवायचे असते, आणि त्यासाठी मातीची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

येथे वसईचे उदाहरण विशेष बोलके आहे. वसईच्या किनारपट्टीवर विहिरी होत्या, बैलांनी फिरणारे रहाट होते आणि त्यावर केळी, ऊस, पानवेली यांची बागायत होती. या बागांना पेंड पडे, सुकी मासळी पडे, घरचे शेणखत पडे. विकत घ्यावे लागणारे खत शेतकरी तेथे हात आखडता न घेता घाली. त्याच शेतकऱ्याची भातखाचरे मात्र राबावर आणि आभाळावर सोडलेली. बाहेरच्या पाहुण्याला हा भाताविषयीचा निष्काळजीपणा वाटला असता. वास्तविक त्यामागे शुद्ध व्यवहार होता. विहिरीला पाणी असेल तेथे घातलेल्या पेंडीचा मोबदला मिळणारच. खाचरात घातलेली पेंड जुलैच्या एका पुरात बांधावरून वाहून जाईल की ऑगस्टच्या उघाडीत निष्फळ पडून राहील हे कोण सांगणार? खत पाण्याच्या खात्रीमागून जाते. म्हणून भाताला तेवढेच खत मिळाले जेवढे घरच्या कष्टाने जमे आणि अगदी छोट्या तुकड्यावर एकवटता येई. दहाव्या हिश्श्यावर सगळा भार टाकण्यात धोका कमी होता. आजही जगभरच्या पावसावरील भातशेतीत खताचा वापर ओलिताच्या भातापेक्षा कमीच राहतो. त्याला शेतकऱ्याची अनास्था म्हणणारे तज्ज्ञ अजून भेटतात.

किनाऱ्यालगतच्या खार जमिनींचा मामला याहून वेगळा, त्याचा केवळ उल्लेख करून पुढे जातो. खाडीच्या भरतीला बांध घालून काढलेल्या या शेतांत राब लागत नसे. तेथे पावसाचे पहिले काम खारटपणा धुऊन काढण्याचे. तो धुतला गेला की मोड आणलेले बी चिखलात फोकायचे आणि रात्यासारख्या तांबड्या, खारे पाणी सोसणाऱ्या जातीवर भिस्त ठेवायची. तेथे खत म्हणजे खाडीचा गाळ. बांध फुटला तर गाळ येई, पण त्याच्यासह मीठही येई. १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींसाठी कायदा केला, त्यामागे या बांधांच्या दुरुस्तीचीच विवंचना होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात राबाला प्रथमच खरा पर्याय पुढे आला. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात भातलागवडीच्या जपानी पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून ती मोहीम देशभर पसरली. गादीवाफे करायचे, बी विरळ पेरायचे, रोप ओळीत लावायचे, कोळपे चालवायचे आणि अमोनियम सल्फेट द्यायचे. हे खत १९५१ पासून सिंद्रीच्या कारखान्यात बनू लागले होते. ट्रॉम्बेचा खतकारखाना १९६५ साली सुरू झाला, पाठोपाठ ‘जया’सारख्या बुटक्या जाती आल्या आणि कर्जतच्या १९१९ साली स्थापन झालेल्या भात संशोधन केंद्राने कोकणाला मानवणारे वाण दिले. हा भाग सर्वांना परिचित आहे. टहाळांसाठी डोंगर चढण्याचे कष्ट वाचले, हा लाभ लहान नव्हे. विशेषतः डोक्यावरून भारे वाहणाऱ्या बायकांनी त्याचे मोल नक्कीच ओळखले असणार.

पण पोत्यातले खत पावसाच्या शेतात उतरले तेव्हा जुने गाऱ्हाणे नव्या रूपात परतले. खाचरात वरून फेकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के पिकाला लाभतो, बाकीचा जातो. काही अमोनिया होऊन हवेत उडतो, काही पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो, काही झिरपतो. एक वाट अधिक फसवी आहे. पाण्याखाली बुडालेल्या मातीत प्राणवायू नसतो, म्हणून तेथे नत्र अमोनियाच्या रूपात सुखरूप राहतो. मात्र मातीच्या अगदी वरच्या पातळ थरात प्राणवायू पोचतो आणि तेथे त्याचे नायट्रेट बनते. ते नायट्रेट खालच्या थरात उतरले की त्याचा वायू होऊन निघून जातो. हे जपानात शिओइरी यांनी १९३० नंतरच्या काळात दाखवून दिले होते. ओलिताच्या शेतात पाणी कायम ठेवून हा तोटा आवरता येतो. पावसाच्या शेतात ते शेतकऱ्याच्या हाती नसते. आठ दिवस उघाड पडली, खाचर सुकले, की सगळ्या थरात नायट्रेट बनते. नवव्या दिवशी मुसळधार पाऊस आला की ते एकदम नष्ट होते. श्रीलंकेचे शास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नम्पेरुमा यांनी १९७२ साली बुडीत मातीच्या रसायनाचे जे विस्तृत विवेचन केले त्यावरून स्फुरदाचीही अशीच गोष्ट कळते. तांबड्या जांभा मातीत लोहाने जखडून ठेवलेला स्फुरद पाणी साठले म्हणजे सुटतो आणि पाणी आटले की पुन्हा जखडला जातो. पाणी गेले म्हणजे रोप तहानेलेच राहते असे नाही, ते उपाशीही राहते. पाण्याचा रकाना आणि खताचा रकाना वेगळे नाहीत असे आरंभी म्हटले त्याचे शास्त्रीय कारण हे.

बिनखताच्या भातशेतीने शतकानुशतके थोडेफार तरी पीक कसे दिले, याचेही उत्तर याच पाण्यात आहे. साचलेल्या पाण्यावर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र बांधते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली बंगालच्या भातखाचरांवरील अभ्यासातून सिद्ध केले. बांध घालून पाणी अडविणारा शेतकरी नकळत खतही अडवीत होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणातच या कोड्यावर एक नवा उपाय निघाला. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या परिसरात आणि शेतकऱ्यांच्या खाचरांत डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातलागवडीचा पुरस्कार केला. ती चार सूत्रे अशी: भाताच्या तुसाची राख व पेंढा परत मातीत देणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, रोपांची चुडे १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतराने लावणे, आणि चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागी युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे. वरच्या प्राणवायूच्या थराला टाळून खत थेट खालच्या सुरक्षित थरात ठेवायचे, म्हणजे पाऊस त्याला धुऊन नेणार नाही, अशी ही योजना. हेक्टरला सुमारे १७० किलो गोळ्यांत काम भागते. ज्यांनी राबाचा इतिहास वाचला आहे त्यांना पहिल्या दोन सूत्रांत जुनी राख आणि जुना टहाळ ओळखता येतील. फक्त टहाळ आता बांधावरच्या झाडाचा आहे आणि तो जाळायचा नसून गाडायचा आहे. खत थोडे, पण पावसाला सापडणार नाही अशा जागी एकवटलेले, हा विचार तर तोच.

अडचण हिशेबात आहे. हेक्टरला अडीच लाख चुडे आणि चारांमागे एक गोळी, म्हणजे ६२,५०० गोळ्या. तितक्या वेळा कोणी तरी गुडघाभर चिखलात वाकून बोट खुपसायचे. लावणीच्या आठवड्यात वसई-पालघरच्या पट्ट्यात मजूर मिळणे किती दुरापास्त झाले आहे, हे शेत करणाऱ्या घरांना सांगायला नको. मुलगा सकाळच्या लोकलने मुंबईला जातो आणि आई-वडील दोन मजूर मिळतात का म्हणून गावभर चौकशी करतात. पावसाची लहरही कमी झालेली नाही. २००२ च्या जुलैत देशभरचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला, आणि २००५ च्या जुलैत, २६ तारखेला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. दोन्ही वर्षी महिना लावणीचाच होता.

वरकस आणि खाचर यांची ताटातूट, जी १८७८ नंतर सुरू झाली, ती वेगळ्या मार्गाने पूर्ण होत आली आहे. वसईच्या पूर्वेला कित्येक ठिकाणी डोंगरउतार खाणींना गेले आणि खालची खाचरे मातीचा भराव घालून इमारतींना. जी खाचरे उरली आहेत त्यांच्यात वरून येणारे पाणी आता गाळाऐवजी खडीची भुकटी आणि सांडपाणी घेऊन येते. शेजारचे खाचर भरले गेले म्हणजे पाण्याची जुनी वाट मोडते. जे शेत पूर्वी निमगरव्याला योग्य होते ते एक तर पाण्याखाली कुजते, नाही तर कोरडे पडते, आणि कोणती जात कोठे लावावी हे पिढीजात ज्ञान त्या एका भरावाने निरुपयोगी होते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर दिवसेंदिवस पाण्यात होता, तेव्हा नाल्यांच्या रुंदीची चर्चा पुष्कळ झाली. पावसाळ्याचे चार महिने पाणी अंगावर झेलणारी खाचरे त्या चर्चेत कोणाला फारशी आठवली नाहीत.

२०१४ साली स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात, जव्हार-मोखाडा-विक्रमगडकडे, राब अजून भाजला जातो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी उतारावर धुराच्या बारीक रेघा दिसतात आणि मोटारीतून जाणारे लोक त्याला वणवा समजतात. तेथील शेतकऱ्याकडे विहीर नाही, गोळ्या खोचायला मजूर नाहीत, आणि युरियाचे पोते घेतले तर पाऊस त्याचे काय करील याची त्याला शाश्वती नाही. कृषी विभागाचे कार्यकर्ते त्याला गिरिपुष्पाची रोपे देतात व राब सोडण्याचा सल्ला देतात. झाडांच्या आणि जमिनीच्या दृष्टीने तो सल्ला योग्यच आहे. काही जण गिरिपुष्प बांधावर लावतात, त्याचा पाला चिखलात गाडतात आणि रोपाच्या तुकड्यापुरता राबही भाजतात. मृग आठ दिवसांवर आला की ते राखेवरून हात फिरवून पाहतात, दगड वेचतात आणि बियाची टोपली बाहेर काढतात.